कोरियन शिकताना मराठी बाजूला ठेवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या युवा पुरवणीत मध्यंतरी रोजच्या वापरातल्या कोरियन वाक्यांची एक यादी आली होती. माझ्या भाचीनं तिचा फोटो काढून मला पाठवला, खाली लिहिलं, ‘मावशी, पाठ करायला घेतली!’ मी अडीच वर्षांपासून दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही इकडे आलो. त्याआधी बारा वर्षं मी शाळेत मराठी शिकवत होते, त्यातही व्याकरण जास्त. आपल्या मुलामुलींना ही भाषा शिकावीशी वाटते आणि एक मराठी दैनिक त्यासाठी जागा देतं, याचा मला मनापासून आनंद झाला. पण यादी वाचता वाचता काळजीही वाटू लागली, म्हणून हे पत्र.

ती यादी इंग्रजी स्पेलिंगवरून देवनागरीत उतरवलेली आहे, हे चटकन कळतं. कोरियनमध्ये आपल्या ‘ऑ’च्या जवळ जाणारा एक स्वर आहे. रोमन लिपीत तो लिहायला ‘ई’ आणि ‘ओ’ अशी दोन अक्षरं जोडतात. ती जोडी वाचून आपण राजधानीचं ‘सेऊल’ केलं, कुणी ‘सिओल’ केलं. इथली माणसं स्वच्छ ‘सॉउल’ म्हणतात. मोटारीची ‘हुंदाई’ इथे ‘ह्यॉन्दे’ आहे. ‘पार्क’ या आडनावात ‘र’ मुळीच नाही, ते ‘पाक’ आहे. आणि ‘ली’ म्हणजे नुसता ‘ई’. क्रीडा पानावरचं ‘तायक्वांदो’ इथल्या मुलांच्या तोंडून ऐकलं तर ‘थेक्क्वॉन्दो’ असं काहीतरी कानावर पडतं. ऑ, थ, ङ हे सगळे उच्चार आपल्या घरात असताना ते रोमन लिपीच्या दारातून का आणायचे? २००० साली इथल्या सरकारनं रोमन लेखनाचे नियम बदलले आणि पाट्यांवर पुसानचं बुसान झालं. शहराचं नाव बोलण्यात तसूभरही बदललं नाही. तो पहिला उच्चार आपल्या प आणि ब यांच्या मधला आहे, एवढंच.

म्हणून नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी पहिल्यांदा लिपीच शिकायला सांगते. राजा सेजोङनं १४४३ मध्ये ती तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. त्या वेळच्या ग्रंथात लिहिलं आहे की हुशार माणूस ही अक्षरं सकाळ सरायच्या आत शिकेल आणि मंद माणसालाही दहा दिवस पुरतील. मला चार संध्याकाळी लागल्या. चौदा व्यंजनं, दहा स्वर, बाकी त्यांच्या जोड्या. ‘ग’चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेल्या जिभेची आकृती, ‘न’ म्हणजे दातांमागे टेकलेलं जिभेचं टोक, ‘म’ म्हणजे तोंडाचा चौकोन. आपण कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग पाठ करतो, ते इथे चक्क चित्रात काढलेले आहेत. शिवाय ‘ग’च्या अक्षरात एक रेघ वाढवली की ‘ख’सारखा महाप्राण उच्चार होतो. आपल्या क आणि ख यांच्या आकारात असं काही नातं नाही. ही लिपी पहिल्यांदा उलगडली तेव्हा मी वहीसमोर बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

आणि तो ‘ङ’! क ख ग घ ङ असं घोकून घेताना ‘बाई, हा कुठे वापरायचा?’ असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच. तो इथे जिथे तिथे भेटतो. सेजोङमध्ये आहे, नमस्काराच्या ‘आन्न्यॉङ हासेयो’मध्ये आहे.

परदेशी रहिवाशांसाठीच्या इथल्या एका केंद्रात मी आठवड्यातून दोनदा वर्गाला जायची. बरोबर व्हिएतनाम, उझबेकिस्तान, चीनच्या बायका होत्या. एके दिवशी शिक्षिकेनं फळ्यावर ‘हानगुक’ म्हणजे कोरिया आणि ‘माल’ म्हणजे बोली हे दोन शब्द जोडून लिहिले आणि वाचताना मात्र ‘हानगुङ्माल’ म्हणाली. सगळा वर्ग गोंधळला. लिहिलाय क, मग ऐकू ङ का येतो? मला मात्र खडू हातात घ्यावासा वाटला. क् च्या पुढे म आला, त्याचा ङ् झाला. वाक् + मय = वाङ्मय! मी फळ्यावर देवनागरीत तसं लिहून दाखवलं. शिक्षिकेनं ते अक्षर बोटानं हवेत गिरवून पाहिलं आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. आभाराचा ‘काम्साहाम्निदा’ लिहिताना त्यात ‘हाप्निदा’ असतं. न पुढे आला म्हणून प् चा म् झाला. जुन्या सिल्ला राज्याचं नाव लिहितात ‘सिन-ला’ आणि वाचतात ‘सिल्ला’. तत् + लीन = तल्लीन ज्याला ठाऊक आहे, त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इंग्रजीतून शिकणाऱ्यांच्या पुस्तकात या नियमांची तक्ते भरून धास्ती घातलेली असते. आपली शाळेतली अनुनासिक संधी इथे आयती उपयोगी पडते, हे आपल्याकडे कुणी मुलांना सांगतच नाही.

वाक्याची बांधणीही ओळखीची आहे. कर्ता आधी, कर्म मध्ये, क्रियापद शेवटी, आणि विभक्तीचे प्रत्यय नामाला मागून चिकटतात. लिंगाची भानगड नाही. पैसे मोजताना इथे हजारानंतर दहा हजाराचा ‘मान’ हा टप्पा असतो. एक लाख म्हणजे ‘शिम्मान’, दहा लाख म्हणजे ‘पेङ्मान’ (पुन्हा वाङ्मयच!) आणि ‘चॉन्मान’ म्हणजे बरोबर एक कोटी. घर भाड्यानं घेताना दलालानं अनामत चॉन्मान वॉन सांगितली, तेव्हा माझ्या मनानं कोटी हा शब्द आपसूक उचलला.

मराठी जिथे पुरत नाही, तेही सांगते. चंद्राला ‘दाल’, मुलीला ‘त्ताल’ आणि मुखवट्याला ‘थाल’ म्हणतात. मधला उच्चार आपल्याकडे नाही. मला एक मुलगी आहे हे शेजारच्या आजींना सांगताना मी कितीदा तरी चंद्र म्हणत होते. आजींनी उठून कागदी रुमाल आणला, तोंडासमोर धरला आणि तिन्ही शब्द म्हणून दाखवले. थालला रुमाल फडफडला, दालला जरासा हलला, त्तालला जागचा हलला नाही. मग रुमाल माझ्या हातात दिला. त्या दिवशी आम्ही दोघी जिन्यात अर्धा तास तरी त्ताल, त्ताल करत होतो.

आता सगळ्यात काळजीचं. यादीतली निम्मी वाक्यं ‘पान्माल’मध्ये आहेत. म्हणजे मित्रांत, धाकट्यांशी बोलायची एकेरी भाषा. मालिका पाहून शिकणाऱ्यांच्या तोंडी हीच बसते, माझ्याही बसली होती. इथल्या फाल्दाल दरवाजाजवळच्या बाजारात पालकाच्या जुड्या घेऊन बसलेल्या एका आजीबाईंना मी विचारलं, ‘इगॉ ऑल्माया?’ कितीला गं हे, असा त्याचा सूर. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. तोंडातून शब्द नाही. बाजूच्या बाई हळूच वाकून म्हणाल्या, ‘यो, यो. ऑल्मायेयो.’ मी पुन्हा विचारलं. आता आजीबाई बोलल्या, ‘साम्चॉन वॉन’, तीन हजार. मी दोन्ही हातांनी पैसे दिले, तसा त्यांनी पिशवीत वर मूठभर पालक घातला. या वरच्या मुठीला इथे ‘दॉम’ म्हणतात. शेवटच्या एका आदरार्थी ‘यो’साठी मला आजही त्या आजीबाईंची माफी मागाविशी वाटते.

मराठी मुलाला हे समजायला अवघड नाही. ‘ये’ आणि ‘या’ यातला फरक त्याच्या रक्तात असतो. इथे पहिल्याच भेटीत वय विचारतात, त्याचा राग मानू नये. समोरच्याशी कोणत्या क्रियापदानं बोलायचं ते त्यावर ठरतं. खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणतात, म्हणजे शब्दशः मावशी. बायका नवऱ्याबद्दल बोलताना ‘उरी नाम्फ्यॉन’ म्हणतात, आमचे हे. आमच्या इमारतीचे पहारेकरी काका दुपारी भेटले की विचारतात, ‘शिक्सा हाश्यॉस्सॉयो?’ जेवण झालं का? इंग्रजी पुस्तकात यावर टीप द्यावी लागते की हे जेवायचं आमंत्रण नव्हे. आपल्याला कशाला टीप?

शिकायला किंवा नोकरीला इथे येणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. नव्वद दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर आल्यापासून नव्वद दिवसांच्या आत परदेशी रहिवासी म्हणून नोंदणी करावी लागते. न्याय मंत्रालयाचा सामाजिक एकात्मता कार्यक्रम शून्य ते पाच अशा पायऱ्यांत भाषा आणि इथलं समाजजीवन शिकवतो. ‘टोपिक’ या कोरियन भाषेच्या परीक्षेचे सहा स्तर आहेत. पहिल्या दोन स्तरांत फक्त ऐकणं आणि वाचणं, लेखन तिसऱ्यापासून. घरबसल्या सुरुवात करायची तर कोरियन भाषा शिकवणाऱ्या सेजोङ संस्थेचे ऑनलाइन वर्ग आहेत.

माझी विनंती एवढीच. पुढची यादी छापाल तेव्हा प्रत्येक वाक्य कोरियन उच्चारावरून देवनागरीत लिहावं आणि शेजारी ते मोठ्यांशी बोलायचं की मित्रांशी, हे नमूद करावं. छापण्याआधी मजकूर माझ्याकडे पाठवलात तर मी आनंदानं तपासून देईन. शेजारच्या आजींकडून एकेक वाक्य म्हणवून घेईन. भाचीला मी तूर्त यादीतल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘यो’ जोडता येतो का, ते बघायला सांगितलं आहे.

कळावे,
आपली नम्र,
एक वाचक, सुवॉन (दक्षिण कोरिया)