इंजिन उघडायच्या आधी पाईप बघा की

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

तुमच्याकडं नळाचं पाणी, खड्डे, एसटी यावर पत्रं येतात आणि यायलाच पाहिजेत, पण गॅरेजवर कोण लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. आमच्याकडं वडिलांच्या वेळची एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन, वडाळ्याकडच्या शेतावर अजून रोज जाती. काळ्या रानात पाऊस झाल्यावर ट्रॅक्टर सोडून दुसरं काही चालत नाही तिथं ही चालती, त्यामुळं विकायचा विषय घरात निघत नाही.

तर जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, सकाळी स्टार्ट व्हायचं नाव घेईना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायची, मग एकदाची धडधडत चालू झाली की पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास. एका गॅरेजला नेली. तिथल्या पोरानं स्कॅनर लावायला सॉकेट शोधलं, आता या गाडीत ना सेन्सर ना ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सॉकेट कुठून येणार, ते सापडलं नाही म्हणल्यावर बॉनेट न उघडताच निकाल दिला, इंजिन काम आलंय, कॉम्प्रेशन म्हणजे सिलेंडरातला दाब गेलाय, हेड उतरवून बोरिंग, म्हणजे सिलेंडर आतनं घासून घेणं, करावं लागतंय, पंचावन्न हजार धरून चला. मी विचारलं कॉम्प्रेशन किती आलं, तर म्हणतो अंदाजावरून कळतंय की काका.

अंदाजावरून पंचावन्न हजार, कमाल आहे की नाही सांगा.

मी काय मेकॅनिक नाही, पण घरी येऊन चहा पिताना एक गोष्ट डोक्यात आली. ही गाडी फक्त थंडीत त्रास देत नव्हती. दुपारी तीनला कडक उन्हात चार तास उभी राहिली तरी तेच रडगाणं, आणि गरम असताना बंद करून लगेच मारली की अर्ध्या सेल्फला चालू. शेतात बांधावर तोंड वर करून लावली की जास्त त्रास, घरासमोर सपाटीला लावली की कमी. आता थंड इंजिन चालू करायला आतनं तापवणारे हीटर प्लग गेले असते किंवा कॉम्प्रेशन गेलं असतं तर इंजिनला थंडी कळली असती, चढ-उतार कसा कळला?

हे सगळं एका जुन्या मिस्त्रींना सांगितलं, वय सत्तरच्या पुढं, हाताला थोडा कंप आहे पण कान शाबूत. ते म्हणाले मालक, डिझेल माघारी टाकीत पळायलंय. सकाळी थंड गाडीला आधी फिल्टरजवळचा हातपंप दाबायला लावला, दाबून कडक झाल्यावर सेल्फ मारला, एका फटक्यात चालू. म्हणजे लाईन हवा धरायली. मग टाकीचा पाईप काढून एका स्वच्छ कॅनमधून सरळ डिझेल दिलं आणि गाडी तशीच रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी काही न करता चालू झाली. दोष टाकी ते फीड पंप, म्हणजे टाकीतनं डिझेल ओढणारा पंप, यांच्या मधे, एवढं तिथंच ठरलं. टाकीपाशी रबरी पाईपला क्लिपच्या खाली केसाएवढी चीर निघाली. गंमत अशी की तिथनं डिझेलचा एक थेंब गळत नव्हता, कारण त्या बाजूला पंप डिझेल ओढतो, ढकलत नाही, त्यामुळं चिरीतनं डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाती. म्हणून खाली वाकून बघणाऱ्याला काही दिसत नाही. पाईप, दोन क्लिपा आणि तांब्याचे वायसर मिळून अडीचशे रुपये, मिस्त्रींनी मजुरी जेवढी दिली तेवढी घेतली.

माझं म्हणणं इंजिन कधी उघडूच नये असं नाही. जुनं इंजिन झिजतंच. पण उघडायच्या आधी विचारायच्या गोष्टी आहेत. धूर निळा असंल तर ऑइल जळतंय, काळा असंल तर हवा कमी किंवा डिझेल जास्त, एअर फिल्टर तरी काढून झटका आधी, आपल्याकडं रस्त्यावरची धूळ काय थोडी आहे का. पांढरा असून डोळ्यात झोंबणारा डिझेलचा वास असंल तर डिझेल न जळता जातंय, आणि गरम झाल्यावरसुद्धा पांढरी वाफ येतीय नि रेडिएटरचं पाणी कमी होतंय तर हेड गॅस्केटकडं, म्हणजे हेडखालच्या पॅकिंगकडं बघा. गाडी चालू ठेवून ऑइल टाकायचं झाकण उघडलं आणि तिथनं भकाभका हवा मारायली तर मात्र गॅरेजवाला खरं बोलायलाय असं समजा. तरी कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावून चारी सिलेंडरचे आकडे कागदावर मागा, आणि गेज डिझेलचा पाहिजे, पेट्रोल गाडीचा यावर टिकत नाही, दाब लईच जास्त असतो.

एक सिलेंडर मारत नसंल तर मिस्त्री इंजेक्टरच्या, म्हणजे सिलेंडरात डिझेल फवारणाऱ्या भागाच्या, पाईपचे नट एकेक करून जरा ढिले करतात, ढिला केल्यावर आवाज पडला तर तो सिलेंडर काम करतोय, काहीच फरक नाही तर तोच आळशी. हे घरी करू नका, त्या पाईपात एवढा दाब असतो की उडालेलं डिझेल कातडीच्या आत घुसतं, बोटं जायची वेळ येती.

फोर बाय फोरवाल्यांना अजून एक. पुष्कळदा “इंजिन ओढत नाही” म्हणून लोक येतात आणि निघतं ब्रेक धरलेला, नाहीतर फोर व्हीलचा लिव्हर चुकून पडलेला. डांबरी रस्त्यावर फोर व्हीलमध्ये चालवली की पुढची मागची चाकं वळणावर एकमेकांना अडवतात, गाडी जड लागती, आणि दोष बिचाऱ्या इंजिनला. तुळजापूरच्या घाटात दम लागला तर आधी उतरून चारी ड्रमपाशी हात नेऊन बघा कोणतं चाक जास्त तापलंय, मग पिस्टनचा विचार करा.

आणि रेडिएटरात बोअरचं पाणी ओतायचं बंद करा ओ. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतंय, मान्य, पण बोअरच्या पाण्यानं किटलीच्या बुडाला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनच्या आत बसतो, नि मग मे महिन्यात गाडी तापली की परत हेड उतरवायची भाषा सुरू. कूलंट परवडतं, बोरिंग नाही.

पत्र मोठं झालंय, कापायचं तर कापा, माझ्या जीपचं कौतुक कापलं तरी चालंल, पण नटापाशी हात घालू नका हे वाक्य तेवढं ठेवा.

आपला,
एक जीपवाला, जुळे सोलापूर