तुरीचं ऑपरेशन

चि. शुभांगी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "तुरी कशी आहे?" आणि मी "मजेत" म्हणून विषय बदलला. तुला तेव्हाच शंका आली असणार. फोनवर तू रडायला लागतेस, मग मलाही पुढचं बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. आधी एवढं सांगते की आपली ही कुत्री आत्ता माझ्या पायाशी, अंगणवाडीच्या रजिस्टरवर हनुवटी टेकून झोपली आहे. आता बिनघोर वाच.

दिवाळीच्या आत पिल्लं बंद करायचं ऑपरेशन करून टाकू, असं डॉक्टर म्हणाले होते, ते महिनाभर लांबलं. श्रावणातली पिल्लं सुटी झाली, पण अंगावरचं दूध आटेपर्यंत थांबा म्हणून त्यांनी सांगितलं. पाचातली दोन रक्ताच्या हगवणीने गेली आणि एक उसाच्या ट्रॅक्टरखाली, हे तुला माहीत आहे. त्या तिसऱ्या पिल्लाच्या जागी तुरी चार दिवस जाऊन बसत होती. अण्णांनी ते बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "आता बास. हिला उदगीरला नेऊ." इतके दिवस तेच आडवे येत होते.

दूध आटल्यावर नेली, तर रक्त तपासलं आणि प्लेटलेट कमी निघाल्या. गोचिडाचा ताप. तिच्या कानात गोचिडं असायची, आपण उपटून चुलीत टाकायचो आणि विसरायचो. वरून कुत्री चांगली धडधाकट दिसत होती बघ. असं असताना पोट उघडलं असतं तर रक्त थांबायला अवघड गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. मग तीन आठवडे गोळ्या, पुन्हा रक्त, आणि मग तारीख. गोळी वजनावर द्यायची असते म्हणून वजन पाहिजे होतं. मी गरोदर बायांच्या काट्यावर तिला कडेवर घेऊन उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. सोळा किलो. माझं किती भरलं ते विचारू नकोस.

मधल्या काळात एकाने सल्ला दिला की कशाला चिरफाड, माजावर यायच्या आधी एक इंजेक्शन टोचलं की झालं, स्वस्तात काम होतं. खरं सांगते, माझं मन तिकडे वळलं होतं. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, त्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी गर्भाच्या पिशवीत पू धरायची भीती वाढते, आणि मग कुत्रीचा जीव वाचवायला तेच ऑपरेशन घाईघाईने, ताप असताना करावं लागतं. तो विषय तिथेच संपला.

आदल्या रात्री नऊनंतर तिला काही द्यायचं नव्हतं. भुलीत उलटी झाली तर अन्न श्वासनलिकेत जातं. पण तिला कोण सांगणार? जर्मनची ताटली तोंडात धरून ती चुलीपाशी येऊन बसली. मी पाठ फिरवली की ताटली खाली टाकायची, खणकन. असं अकरापर्यंत. शेवटी आम्ही दिवा मालवून झोपल्याचं सोंग केलं. सकाळी अण्णांनी साखळी घ्यायला दार उघडलं आणि बाई नावाप्रमाणे हातावर तुरी देऊन पसार! तासाभराने वाड्यामागे उकिरड्यावर सापडली. काही खाल्लं असेल का या काळजीने मी जीपमध्ये सारखं तिचं तोंड हुंगत होते. डॉक्टरांना खरं ते सांगितलं, तेव्हा त्यांनी तिचा नंबर दुपारवर ढकलला.

उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेज आहे हे आपलं नशीब म्हणायचं. आत नेताना तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, ते मी लिहीत नाही.

गर्भाशय आणि दोन्ही अंडाशयं काढली. पोटाच्या मधोमध चार बोटांचा चीर, आजूबाजूचे केस भादरलेले, मधला भाग वाटाण्याच्या सोललेल्या दाण्यासारखा गुळगुळीत. येताना जीपमध्ये ती डोळे उघडे ठेवून कण्हत होती. मला वाटलं फार दुखतंय. पण भूल उतरताना कुत्री अशी कण्हतात आणि थरथरतात, अंग गार पडतं, पांघरूण घाला, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आजीची गोधडी तिच्यावर टाकली आणि खाली पोतं. रात्री मूठभर मऊ भात आणि अर्धं उकडलेलं अंडं. तेही अर्धंच खाल्लं. शेजारच्या काकूंनी लगेच घरातली तापाची गोळी आणून दिली. बरं झालं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की पॅरासिटामॉल, ब्रुफेन असली माणसाची गोळी कुत्र्याला घालायची नाही, दुखण्याची गोळी आम्ही देतो तीच. हळद लावू का, हेही मी विचारून बसले होते. काहीच लावायचं नाही म्हणाले, कोरडं ठेवा, टाके निघेपर्यंत अंघोळ नाही.

याच काकू आदल्या आठवड्यात मला नळावर म्हणाल्या होत्या, "आता कुत्रीची बी पिशवी काढूलालाव का बाई? बायांच्या काढून झाल्या वाटतं!" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते डोक्यातून गेलं नाही. बीडकडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याचं २०१९ साली पेपरात आलं होतं, तुला आठवत असेल, तू तेव्हा मला वाचून दाखवलं होतंस. काकूंची स्वतःची चौतिसाव्या वर्षी काढलेली. का काढली ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी त्या तुरीला बघायला आल्या, खाली बसून बराच वेळ टाके बघितले, मग पदर जरा बाजूला करून म्हणाल्या, "माझा असा आडवा हाय." आणि तुरीच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या. मी चहा टाकला.

माझं कुटुंबनियोजनाचं टाक्याचं ऑपरेशन तुझ्या जन्मानंतरचं, शिबिरात. चौथ्या दिवशी मी हापशावरून दोन घागरी आणत होते. सातव्या दिवशी टाके काढायला एसटीने गेले, उभ्याने. कुणाला बोल लावत नाही, तेव्हा सगळ्यांचंच तसं होतं. पण तुरीच्या कागदावर "दहा ते चौदा दिवस विश्रांती, उड्या नाहीत, जिने नाहीत" असं वाचलं तेव्हा मी अण्णांना दोनदा मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी मान खाली घातली आणि सुपारी कातरत बसले.

आता जे फोनवर सांगितलं नाही ते.

तिला टाके चाटता येऊ नयेत म्हणून गळ्यात भोंग्यासारखं लावतात ना, ते तिच्या मापाचं मिळालं नाही. अण्णांनी रंगाच्या बादलीचं बूड कापून, कडेला जुन्या धोतराची पट्टी शिवून तसंच केलं. शिवाय तुझा आठवीतला शाळेचा शर्ट अंगात, पाठीवर गाठ मारून. अशी ती पाच दिवस घरात फिरत होती, दाराच्या चौकटीला बादली आपटत. सहाव्या दिवशी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, सगळं घर रानात पूजेला जायचा सण. गेल्या वर्षी तू होतीस, यंदा रानातल्या कोपीत पूजेचे पाच पांडव मांडताना हात कमी पडला. सकाळी भज्जीची गडबड, अंबिलाचं बिंदगं भरलेलं, दादा गाडी सुरू करून हाका मारतोय. आणि ही पाण्याच्या भांड्यात तोंड घालू बघते, तर बादलीचा काठ आधी जमिनीला टेकतो. दोनदा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघत बसली. मला नाही सहन झालं गं. सणाचा दिवस, म्हटलं, एक दिवस मोकळी राहू दे. बादली काढली. शर्टही ओला झाला होता, तोही काढला. ओसरीत बांधून आम्ही रानात गेलो.

संध्याकाळी आलो तर दोन टाके गेलेले. जखम लाल, ओली, आणि ती शांतपणे चाटत बसलेली, जणू आपलं काम करतेय. अण्णा एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं. दिवसभर खाल्लेली खीर माझ्या घशाशी आली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पुन्हा उदगीर. आतले टाके शाबूत होते, फक्त वरची कातडी उघडली होती. साफ करून पुन्हा टाके घातले, पाच दिवस गोळ्या वाढवल्या. मी सगळं कबूल केलं. डॉक्टर रागावले नाहीत, फक्त विचारलं, "पाण्याचं भांडं खाली ठेवता का?" म्हटलं, "हो, खालीच." "पाटावर ठेवा," म्हणाले. एवढंच. जेवायचा पाट घेतला, त्यावर भांडं ठेवलं, आणि बादलीसकट लपालप पाणी पिऊन मोकळी झाली. सहा दिवस माझ्या डोक्यात हे का आलं नाही? घरात चार पाट आहेत.

काल टाके निघाले. चीर आता दोऱ्याएवढा दिसतो, केसांची लव येऊ लागली आहे. आता ही जाड होईल, भाकरी मोजून द्या, असं सांगितलंय. ते काम अण्णांकडे दिलंय आणि ते चोरून जास्त देतात. बाहेर दारासमोर कुत्र्यांची जत्रा भरायची ती आता भरणार नाही, म्हणून गल्ली खूश आहे.

संक्रांतीला येशील तेव्हा गोचिडाचं औषध पुण्याहून आण, मानेवर टाकायचं असतं ते, दहा ते वीस किलोच्या कुत्र्याचं बघून घे. तुझा शर्ट धुऊन ठेवला आहे. वरचं बटण तिने खाल्लंय.

जेवण वेळेवर कर.

तुझी आई

ता.क. अण्णा म्हणतात, बादली फेकू नका. कशासाठी ते सांगत नाहीत.