पाय जागीच थांबतात तेव्हा : आमच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना जाहीर पत्र

प्रिय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात न देता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, त्याला कारण आहे. ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा पेशंट आहे त्यांना हातांचा कंप माहीत असतो, हालचाली मंदावतात हेही माहीत असतं. पण चांगला चालणारा माणूस एकाएकी थबकतो आणि काही केल्या त्याचं पाऊल उचलत नाही, तेव्हा घरच्यांचं डोकंच चालेनासं होतं. तुम्ही आम्हाला जे शिकवलंत ते आमच्या चार भिंतींत राहू नये, असं मला आणि यांना दोघांनाही वाटतं. तुमचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे ठाऊक आहे.

तुम्ही पहिल्यांदा यांना तपासलंत, तेव्हा यांना चालायला सांगून तुम्ही स्वतः खाली फरशीवर बसलात. बाकी सगळे यांच्या चेहऱ्याकडे बघायचे, तुम्ही पावलांकडे बघत होतात. आतल्या खोलीच्या दाराशी हे अडकले. टाचा उचललेल्या, चवडे जमिनीला चिकटलेले, गुडघे बारीक बारीक थरथरताहेत आणि कमरेपासून वरचं अंग मात्र पुढे झुकत चाललंय. तुम्ही मला जवळ बोलावून दाखवलंत, "काकू, बघा, शरीर निघालंय, पाय निघालेले नाहीत. पडतात ते असे." ही थरथर सेकंदाला 3 ते 8 वेळा होते आणि तिच्यावरून यंत्रालाही असं अडकणं ओळखता येतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. मला त्या दिवशी एवढंच कळलं, की हे नुसते उभे नव्हते. यांचे पाय निघण्यासाठी धडपडत होते आणि आम्हाला ते दिसतच नव्हतं.

यासाठी मी तुमची सगळ्यात जास्त ऋणी आहे. कारण तोवर घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांनी निकाल देऊन टाकला होता. कुणी म्हणे हट्टीपणा, कुणी म्हणे मन खचलंय, आणि एका नातेवाइकांनी तर यांच्यादेखतच म्हटलं, "जिना भराभर चढतात आणि दारात अडकतात, असं कुठे असतं का?" हे काही बोलले नाहीत, पण त्यानंतर चार माणसांसमोर चालायचंच टाळू लागले.

तुम्ही त्या जिन्याच्या प्रश्नाला बगल दिली नाहीत. उलट तोच धरून समजावलंत. सवयीची हालचाल आपोआप चालू ठेवण्याचं काम मेंदूच्या खोलातली बेसल गँग्लिया नावाची केंद्रं करतात. त्यांना डोपामिन नावाचं रसायन लागतं आणि ते तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. म्हणून सपाट जमिनीवरचं न बघता चालणं बिघडतं. जिन्यात मात्र प्रत्येक पायरीची कड डोळ्यांना दिसते, पाय कुठे ठेवायचा ते समोर आखलेलंच असतं, आणि मेंदू ती हालचाल लक्ष देऊन, दुसऱ्या वाटेने पार पाडतो. मग तुम्ही त्या डच माणसाबद्दल सांगितलंत. 2010 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात त्याची हकीकत आली होती. वय 58, दहा वर्षांचा आजार, चार पावलं टाकणं मुश्कील, आणि सायकलवर बसवलं की व्यवस्थित चालवतो. ते ऐकताना यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. आपल्याला जे होतंय ते खरं आहे आणि जगात आणखी कुणाला तरी तसंच होतं, याचा तो दिलासा होता.

डॉक्टर मंडळी या लक्षणाची जी व्याख्या करतात, तीही तुम्ही वाचून दाखवलीत. चालण्याची इच्छा असूनही पावलं पुढे पडणं थोडा वेळ बंद होणं किंवा अगदीच कमी होणं. "इच्छा असूनही" हे त्या व्याख्येतच आहे. ते मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून बाहेरच्या खोलीत लावलं. आता कुणी काही बोललं की हे नुसतं तिकडे बोट दाखवतात.

आता काय करायचं ते लिहिते, कारण इतर घरांना त्याचीच जास्त गरज आहे.

माणूस अडकला की आपला हात आपोआप पुढे जातो. दंड धरायचा, "चला चला" म्हणायचं, हलकेच ओढायचं. हे सगळं तुम्ही बंद करायला लावलंत. ओढलं की वरचं अंग आणखी पुढे जातं आणि पाय तिथेच राहतात. घाई केली की अडकणं वाढतं. तुमचं सांगणं होतं, "आधी पूर्ण थांबू द्या. अर्धवट धडपड नको." पूर्ण थांबायचं, एक लांब श्वास सोडायचा, पाठ ताठ करायची, मग अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर दोन-तीनदा झुलवायचा आणि मोकळा झालेला पाय मोठं पाऊल टाकायला उचलायचा. ऐकायला किती सोपं! पण पाय निघत नाही तेव्हा माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला "थांबा" हे ऐकणं फार जड जातं. म्हणून तुम्ही ते बरं चालत असतानाच, रोज, मुद्दाम करून घेतलंत. "अडकल्यावर शिकता येत नाही, आधी शिकलेलं आठवतं," असं तुम्ही म्हणायचात.

मग पट्ट्या. फरशी फिकट, म्हणून गडद रंगाची चिकटपट्टी आणायला सांगितलीत. यांचं चालणं चांगलं असतानाचं पाऊल मोजलंत आणि त्या अंतराने तुम्ही स्वतः गुडघ्यांवर बसून दाराच्या अलीकडून पलीकडे पट्ट्या लावल्यात, चालण्याच्या दिशेला आडव्या. आडव्याच का, हे मी विचारलं होतं. रेषेवर चालायचं नसतं, ओलांडायची असते, म्हणून. पहिल्याच खेपेला हे त्या दारातून असे गेले, जणू काही झालंच नव्हतं. मला वाटलं चमत्कार झाला. तुम्ही लगेच सांगितलंत, की चमत्कार वगैरे नाही, जेम्स पर्डन मार्टिन नावाच्या डॉक्टरांनी 1967 सालीच जमिनीवरच्या आडव्या रेषांबद्दल लिहून ठेवलंय. आणि त्याच दमात हेही सांगितलंत, की काही काळाने डोळ्यांना सवय होऊन पट्ट्यांचा असर कमी होऊ शकतो, आजार काही यामुळे बरा होत नाही.

तुमचा हा सच्चेपणा आमच्या फार कामी आला. खरोखरच पुढे पट्ट्यांचा उपयोग कमी झाला, तेव्हा आम्ही हातपाय गाळले नाहीत, कारण ते आधीच माहीत होतं. तुम्ही फोनमधल्या मेट्रोनोमची, म्हणजे ठेका धरून देणाऱ्या यंत्राची, टिकटिक लावून बघितलीत. यांना ती नको झाली, पावलं उलट अडखळायला लागली. तुम्ही तो नाद सोडला आणि मनातल्या मनात "एक, दोन" मोजायला दिलंत. ते जमलं. एकाला जे लागू पडतं ते दुसऱ्याला पडेलच असं नाही, म्हणून हे पत्र वाचणाऱ्यांनी आमच्यासारख्याच पट्ट्या लावून मोकळं होऊ नये. आपापल्या फिजिओंकडून बघून घ्यावं.

वळण्याबद्दलही लिहायलाच हवं. एका जागी उभं राहून गर्रकन वळायचं नाही, मोठा अर्धगोल घेत पावलं टाकत वळायचं. त्यासाठी तुम्ही आमची खुर्ची भिंतीपासून सरकवलीत आणि मधलं टेबल हलवलंत. खुर्ची दिसली की हे लांबूनच तिच्या हातांकडे झेपावायचे आणि नेमके शेवटच्या दोन पावलांवर पाय थिजायचे. "पोटऱ्यांना मागून खुर्ची लागेपर्यंत बसायचं नाही," हा तुमचा नियम आता यांना झोपेतही पाठ आहे. आणि चालताना बोलायचं नाही. हे मला अवघड गेलं, इतक्या वर्षांची सवय. पण लक्ष दोन ठिकाणी विभागलं की पाय अडतात, फोन वाजला, कुणी हाक मारली की अडतात, हे स्वतः पाहिल्यावर मी शिकले. आता आधी थांबतो, मग बोलतो, मग चालायला लागतो.

त्या वहीचे आभार वेगळे मानते. गोळी कधी घेतली, पाय कधी अडकले, कुठे अडकले, एवढंच तीन रकान्यांत लिहायला सांगितलं होतंत. लिहिता लिहिता दिसलं, की बहुतेक वेळा पाय अडतात ते आधीच्या गोळीचा, म्हणजे या आजारावरच्या लेव्होडोपा या औषधाचा, असर ओसरताना, पुढची गोळी घ्यायची वेळ जवळ आलेली असताना. वही न्यूरॉलॉजिस्टनी पाहिली आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. गोळ्यांमध्ये तुम्ही स्वतः कधीच हात घातला नाहीत. काही वेळा गोळीचा असर चांगला असतानाही पाय अडतात आणि ते अडकणं डोस वाढवून जात नाही, म्हणून आपल्या मनाने एकही गोळी वाढवायची नाही, अशी ताकीद मात्र दिलीत. तीही इथे लिहून ठेवते.

अजूनही पाय थांबतात. गर्दीत जास्त थांबतात, लिफ्टचं दार उघडलं की हमखास. पण आता थांबले की आम्ही दोघंही थांबतो. मागचे लोक चुळबुळ करतात, मी त्यांना "एक मिनिट" म्हणते आणि यांच्याकडे बघतही नाही, कारण बघितलं की यांना घाई वाटते. हे श्वास सोडतात, झुलतात, निघतात. परवा एक अनोळखी गृहस्थ मदतीला म्हणून यांचा हात धरायला पुढे झाले, तर यांनीच त्यांना शांतपणे सांगितलं, "ओढू नका, मी निघतोय." चार माणसांत जायचं टाळणारा माणूस हे बोलला, मॅडम, आणि ते तुमच्यामुळे.

हे शेजारी बसून पत्र ऐकताहेत. यांचा निरोप असा, की उजवीकडे वळणं आता बरंच सुधारलंय, डावीकडे वळताना मात्र आतला पाय अजून अडतो, विशेषतः संध्याकाळी. वहीत सगळं नोंदवून ठेवलंय. पुढच्या भेटीला घेऊन येतो, आधी तेवढं बघा.

तुमची,
तुमच्या पेशंटची बायको