यंदा सीड प्लॉटवर पोरी नकोत

ती. आई-बाबांस,
सा. न.

रागावण्याआधी सगळं वाचा. यंदा कपाशीचा सीड प्लॉट, म्हणजे संकरित बियाण्याचं शेत, एकराचा नाही, वीस गुंठ्यांचाच, असं एजंटाला कळवून टाकलंय. कामाला येणाऱ्या पोरींच्या आईबापांना उचलही द्यायची नाही.

बाबा, तुम्ही कुणाला दरडावलं नाहीत, ठाऊक आहे मला. पण उचल फिटेस्तोवर दहा-बारा वर्षांच्या पोरीला ना शाळा, ना दुसरं काही. १९७६ चा कायदा यालाच वेठबिगारी म्हणतो. २०१६ पासून चौदाच्या आतलं मूल कामाला ठेवलं तर सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड, किंवा दोन्ही. शाळा सुटल्यावर हातभार लावायची सूट फक्त घरच्या मुलांना आहे. आणि क्रॉसिंग, म्हणजे संकराचं काम, शाळा सुटायची वाट कुठे बघतं? दुपारनंतर उद्या उमलणाऱ्या कळ्यांतले परागाचे तंतू, म्हणजे पुंकेसर, खुडायचे, सकाळी नऊ ते बारात त्याच फुलांवर नर वाणाचं फूल फिरवायचं. दोन महिने, एक खाडा नाही. तेही फवारलेल्या झाडांत.

‘बारीक बोटं लागतात’ हे खरं नाही. खुडताना नख खोल गेलं तर आतलं कोवळं बोंड दुखावतं, गळतं. पुंकेसर थोडे जरी राहिले तर फुलाचं स्वतःच्याच परागानं स्वपरागण होतं आणि शुद्धतेच्या चाचणीत बियाण्याचा लॉट नापास. दमलेल्या पोरीकडून दोन्ही होतं. मोठ्या बायका हे नीट करतात, मजुरी पुरी द्यावी लागते इतकंच. म्हणून वीस गुंठे. पाच-सहा जणींत भागेल. नरवंध्य मादी वाण, म्हणजे ज्याच्या निम्म्या झाडांच्या फुलांत परागच नसतो तो, मिळाला तर खुडणीच वाचेल. फक्त तो दाट लावा, कारण फुलोऱ्यात उरलेली निम्मी झाडं परागवाली निघतात, ती रोज बघून उपटावी लागतात.

उरलेल्या वीस गुंठ्यांत तूर-सोयाबीन घ्या. पैशाची ओढ पडणार नाही, बाबांच्या गोळ्या नि गॅसचं माझ्याकडे. नानांच्या विहिरीच्या वेळी निभावलंत, तसंच हेही निभेल. आई, तुझ्या पदराला अजून सरकीचा वास येतो का गं? त्यात तोंड खुपसून झोपावंसं वाटतं.

बाबा, फवारणीचा पंप उचलायचा नाही. बीपीची गोळी चुकवायची नाही. आई, तू त्यांच्यावर लक्ष ठेव, आणि स्वतः उपाशीपोटी शेतात जाऊ नकोस. वहीत जुनी उचल बाकी असेल ती खोडा, वसुलीला जाऊ नका. जूनमध्ये शाळा उघडली की त्या पोरींची नावं हेडमास्तरांना सांगा, पहिल्याच आठवड्यात.

तुमची,
धाकटी