पेठेतील वाय-फायच्या चॅनेलांचे नियोजन : केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय दूरसंचार मंत्री महोदय,
संचार भवन, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

मी पुण्यात गेली चौदा वर्षे वाय-फाय बसवण्याची कामे करतो. त्यांतील बरीचशी कामे सदाशिव पेठ, नवी पेठ आणि शास्त्री रस्त्याच्या आसपासच्या अभ्यासिकांमध्ये असतात. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी राज्यभरातली मुले-मुली येथे येतात. जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारतींत खाली झेरॉक्सचे दुकान, बाजूला मेस, मजल्यामजल्यावर अभ्यासिका, वर कॉट बेसिसच्या खोल्या, आणि या प्रत्येकाचा राउटर वेगळा. या राउटरांनी चॅनेल, म्हणजे वाय-फायच्या रेडिओलहरींच्या ठरावीक वाटा, आपसांत वाटून घ्याव्यात अशी कोणतीही व्यवस्था आज नाही. सार्वजनिक वाय-फायसाठीच्या केंद्राच्या पीएम-वाणी योजनेतून ती उभी करता येईल, अशी माझी खात्री आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका अभ्यासिकेच्या चालकांनी मला बोलावले. ‘नेट आहे, पण चालत नाही,’ एवढीच त्यांची तक्रार होती. राउटरला केबलने लॅपटॉप जोडून पाहिला, तर स्पीड पुरेपूर मिळत होता. मग मोजमापाचे ॲप उघडले. त्या एका खोलीत वाय-फायची ३४ नावे दिसली आणि त्यांपैकी १९ चॅनेल ६ वर होती. शेवटच्या रांगेतली एक मुलगी जुनी प्रश्नपत्रिका उतरवून घेत होती. पडद्यावरची रेघ निम्म्यावर थांबे, थोडी सरके, पुन्हा थांबे. अखेर तिने मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला, आणि माझ्या लॅपटॉपवर चॅनेल ६ वर आणखी एक नाव उमटले.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल दिसत असले, तरी दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्‌झचे आणि प्रत्येकाची रुंदी सुमारे २० मेगाहर्ट्‌झची, त्यामुळे एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच उरतात. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचे ऐकून थांबतात आणि पाळीपाळीने बोलतात. मात्र कोणी मध्येच चॅनेल ४ धरला, की त्याचे बोलणे १ आणि ६ या दोघांनाही नुसता गोंगाट म्हणून ऐकू येते, आणि ते अधिक वाईट.

राउटर ‘ऑटो’वर, म्हणजे चॅनेल आपोआप निवडण्यावर, ठेवला की झाले, असा सर्वसाधारण समज आहे. पण हा ‘ऑटो’ फक्त स्वतःपुरते पाहतो. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतात. वीज परत येते तेव्हा गल्लीतले सगळे राउटर एकदमच चालू होतात, प्रत्येकाला सारे मोकळे दिसते, आणि बरेच जण एकाच चॅनेलवर जाऊन बसतात. कित्येक स्वस्त राउटर पुन्हा वीज जाईपर्यंत तेथून हलत नाहीत.

नकाशा रंगवताना शेजारच्या दोन तालुक्यांना एकच रंग येऊ नये हे जसे पाहतात, तसेच हे काम आहे; फक्त रंग तीनच आहेत आणि तालुके रोज वाढत आहेत. म्हणून ते गटागटाने करावे लागते. इमारतीतील राउटरांचा एक गट असावा. कोणता शेजारी किती जोराने ऐकू येतो याची यादी प्रत्येकाने गटप्रमुखाला द्यावी, आणि चॅनेल व पॉवर (लहरींचा जोर) त्याने ठरवावी. दोन गटांनी एकमेकांना केवळ सीमेवरच्या राउटरांची माहिती दिली तरी पुरते. शंभर राउटरांनी परस्परांशी बोलायचे ठरवले तर ४,९५० जोड्या होतात. दहा-दहांचे दहा गट केले तर गटांच्या आतल्या ४५० आणि गटप्रमुखांच्या आपसांतल्या ४५, म्हणजे एकूण ४९५. नवा राउटर आला की फेरविचार फक्त त्याच्या शेजाऱ्यांचा. चॅनेल बदलताना जोडलेले फोन क्षणभर तुटू शकतात, त्यामुळे बदल कमी वापराच्या वेळी करावा लागतो, आणि चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकांत ती वेळही मोजूनच शोधावी लागते.

मोठ्या कंपन्यांच्या संकुलांत हे आजही होते, कारण तेथील सगळी उपकरणे एकाच कंट्रोलरच्या ताब्यात असतात. पेठेत मात्र एका जिन्यावर पाच कंपन्यांची उपकरणे असतात आणि त्यांची भाषा एकमेकांना कळत नाही.

२.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ पासून विनापरवाना आहे, पण इतरांच्या व्यत्ययापासून संरक्षण मागता येणार नाही या अटीवर. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्‌झ खुले झाले आणि मोठा दिलासा मिळाला. तरीही ८० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे चॅनेल तेथे सहाच बसतात, आणि बहुतेक जण तेवढीच रुंदी धरून बसतात. मे २०२५ मध्ये ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यासाठी मसुदा नियम आले, त्याचे मी मनापासून स्वागत करतो. पण अभ्यासिकेतल्या मुलांचे जुने फोन त्या पट्ट्यात जाऊ शकत नाहीत.

केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मंजूर केलेल्या पीएम-वाणीमध्ये चहावाल्यालाही परवान्याशिवाय पीडीओ, म्हणजे सार्वजनिक वाय-फाय पुरवणारा, होता येते. अनेक पीडीओंची जबाबदारी त्यांना एकत्र जोडणारा पीडीओए घेतो, आणि या सर्वांची केंद्रीय नोंदवही सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेकडे आहे. गटप्रमुखाची भूमिका पीडीओएने सहज पार पाडावी अशीच ही रचना आहे. म्हणून माझी विनंती अशी, की पीडीओएने आपल्या राउटरांचे ठिकाण, चॅनेल, रुंदी आणि पॉवर ठरलेल्या खुल्या नमुन्यात नोंदवावी आणि शेजारच्या पीडीओएला ती वाचता यावी, अशी अट मार्गदर्शक सूचनांत घालावी. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये २० मेगाहर्ट्‌झहून अधिक रुंदी वापरू नये, आणि वीज परतल्यावर प्रत्येक राउटरने कमीअधिक वेळ थांबून मगच चॅनेल निवडावा, एवढे दोन नियम तर लगेच करता येतील.

योजनेबाहेरच्या घरगुती राउटरांना हे बंधन लागू होणार नाही, याची मला जाणीव आहे. तरी त्यांचा आवाज मोजून, उरलेली जागा नीट वाटता येतेच.

हा प्रयोग आधी पेठेतल्या एखाद्याच गल्लीत करून पाहावा. प्रयोगाआधीची आणि नंतरची मोजमापे, गुरुवारची वीज परतल्यानंतरच्या तासाभराच्या नोंदींसह, मी विनामोबदला घेऊन आपल्या विभागाकडे पाठवीन.

आपला नम्र,
एक नेटवर्क तंत्रज्ञ
सदाशिव पेठ, पुणे