बूटा सिंगची गोष्ट अर्धीच सांगितली

संपादक महाशय,

बार्शीतल्या एका चित्रपटगृहात मी ऑपरेटर होतो. २००१ साली ‘गदर’ लागला तेव्हा दिवसाचे सगळे खेळ मीच चालवले. हातपंप उपटला की शिट्ट्या आणि चिल्लर पडल्याचा आवाज थेट केबिनपर्यंत यायचा. माझ्याही अंगावर काटा यायचा. परवा नातीने तोच सिनेमा मोबाइलवर पाहिला आणि विचारले, “आबा, हे खरेच घडले होते का?”

घडले होते, पण असे नाही. या कथेचे मूळ बूटा सिंग नावाच्या शीख माणसाच्या आयुष्यात आहे. फाळणीच्या धामधुमीत त्याने झैनब या मुसलमान मुलीला वाचवले, लग्न केले, मूल झाले. मग तिला पाकिस्तानात पाठवण्यात आले. तिच्यामागे तो लाहोरला गेला, त्यासाठी इस्लामही स्वीकारला. कोर्टात नातेवाईकांच्या गराड्यात उभ्या झैनबने परत यायला नकार दिला. १९५७ साली त्याने लेकीला घेऊन रेल्वेखाली उडी घेतली. लेक वाचली, तो गेला. हे सांगताना माझा आवाज नीट निघेना.

‘गदर’मध्ये नायिका सकीनाला अडवतो तो तिचा लाहोरचा बाप. झैनबला नेले ते सरकारी यंत्रणेने. डिसेंबर १९४७ मध्ये दोन्ही सरकारांनी पळवलेल्या बायका परत करण्याचे ठरवले आणि १९४९ साली आपल्याकडे त्याचा कायदा झाला. १ मार्च १९४७ नंतर परधर्मीयाच्या घरात सापडलेली मुसलमान बाई, वय कितीही असो, ‘पळवलेली’ धरली जाई. खरोखर पळवलेल्या हजारो बायकांची त्यामुळे सुटका झाली, हेही खरे. पण जिला राहायचे होते, तिला नाही म्हणण्याचा हक्कच नव्हता.

हा भाग आपला हिंदी सिनेमा टाळतो. दोष पलीकडच्या एका खलनायकावर टाकला की आपण मोकळे. ‘शहीद-ए-मोहब्बत बूटा सिंग’ या १९९९ च्या पंजाबी चित्रपटाने खरा शेवट दाखवला होता. तो आमच्या पडद्यावर कधी आलाच नाही.

‘वीर-झारा’ मात्र मला आवडला. तिथे हिंदुस्थानी कैद्याचा खटला पाकिस्तानी वकीलबाई लढते. त्या खेळांना चिल्लर पडली नाही, मध्यंतरानंतर थिएटर चिडीचूप असायचे.

नातीचा पुढचा प्रश्न होता, “झैनबला स्वतःला काय हवे होते?” कुणीतरी त्यावर सिनेमा काढावा, तिला मध्यभागी ठेवून. बूटा सिंग बाजूला राहिला तरी चालेल.

– एक निवृत्त ऑपरेटर, बार्शी