निवटी ‘ग्रामीण’ कधी झाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून जो तो सांगतो, आंतरजालावरच्या कोशांत शब्दांची भर घाला. घातली. मी सांगायचं, पुतण्याने टंकायचं, असं करत आम्ही कोळीवाड्यातल्या म्हावऱ्याची नावं, कुणीही भर घालावी नि बदल करावा अशा एका खुल्या कोशात चढवली. बोंबील, मांदेली, खुबे, चिंबोरी, निवटी. पानाच्या तळाशी ‘वर्ग:मासे’ लिहिलं की तो शब्द आपोआप त्या वर्गाच्या यादीत जाऊन बसतो.

आठवड्याने पाहतो तर निवटी यादीतून गायब! कुणा सुजाण माणसाने ‘मासे’ खोडून तिथे ‘ग्रामीण शब्द’ केलं होतं. ठाणे स्टेशनातली गाड्यांची घोषणा घरात ऐकू येणारी माणसं आम्ही, ग्रामीण कधी झालो? बरं, बोलीचा शिक्का मारायचा तर मारा, माझी ना नाही. पण निवटी मासा आहे की नाही? ओहोटी लागली की खाडीच्या चिखलावर डोळे वर काढून टुणटुण उड्या मारते ती. माशांची यादी उघडणाऱ्या पोराला ती दिसायलाच हवी. एका पानाला हवे तितके वर्ग लावता येतात, मग पहिला काढायचा कशाला?

दुसरं दुखणं नावांचं. मासा, मासे, मासळी, मत्स्य असे चौघांनी चार वर्ग उघडलेले, प्रत्येकात दोन-तीन शब्द. यंत्र अर्थ बघत नाही, अक्षरं बघतं. त्यात ‘मासा’ म्हणजे तोळा-माशातलं वजनही. वर्ग लागतो पानाला, अर्थाला नाही. म्हणून तो वजनांतही दिसतो आणि माशांतही. ‘पाला’ झाडाचाही आणि खाडीतला मासाही, त्याचंही तेच. ‘स्त्रीलिंगी नाम’ वगैरे व्याकरणाचे वर्ग तर विषयांच्या वर्गांत सरमिसळ झालेले.

हे काम आपल्याकडे नवं नाही. अमरकोश वर्गावर्गानेच रचलेला आहे. त्याच्या वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या वर्गात, मासे, खेकडा, नौका, जाळं आणि धीवर म्हणजे कोळी, सगळे एका ठिकाणी. माझ्या आईला संस्कृतचा गंध नव्हता, पण तिच्या ‘म्हावऱ्या’तही चिंबोरी म्हणजे खेकडा आणि खुबे म्हणजे शिंपले धरलेलेच असत. खेकडा हा मासा नव्हे, हे मला पुतण्याने सांगितलं. शिवकाळातल्या राजव्यवहारकोशातसुद्धा दुर्गवर्ग, लेखनवर्ग आहेत.

मी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात उमेद घालवली. छपाई झाली की खिळे परत आपापल्या खणात टाकायचे. घाईत ‘घ’ जर ‘ध’च्या खणात पडला, तर पुढच्या राशिभविष्यात ‘धनलाभ’चा ‘घनलाभ’ व्हायचा आणि बोलणी मला बसायची. कोशात बोलणी खायला कुणी नाही, एवढाच फरक.

तेव्हा कोशात काम करणाऱ्या मंडळींनी आधी वर्गाचं नाव एकवचनी ठेवायचं की अनेकवचनी, ते ठरवावं. विषय वेगळा, व्याकरण वेगळं, बोली वेगळी असे तीन गट पाडावेत. आणि दुसऱ्याने लावलेला वर्ग खोडण्याआधी चर्चापानावर एका ओळीत विचारावं.

निवटी मी पुन्हा माशांत नेऊन ठेवली आहे. काल रात्रीपर्यंत तिथेच होती.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर
चेंदणी कोळीवाडा, ठाणे (पूर्व)